सातपुड्यावरचं जादा वजन

बॅगा उघडायचा नियम मी केला होता आणि त्या दिवशी तो मोडला तोही मीच. चौकशीत मी हे लिहून दिलंय. इथेही पहिल्याच ओळीत सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी उगाच माझी बाजू घ्यायला नको.

मी हर्षदा नारखेडे, राहणार जळगाव. सहली आखते. मौजेसाठी जेट विमानात सात वर्षांतून एकदाच बसता येईल असा कायदा झाला, तेव्हा आमच्या धंद्यातल्या निम्म्या लोकांनी दुकानं बंद केली. मी ‘सावकाश सहली’ काढली. निघाल्यापासून परत येईपर्यंत धुराचा एक झुरका हवेत सोडायचा नाही, ही आमची अट. लोक आधी हसले. मग उन्हाळे असे आले की हसणं राहिलं नाही, आणि आता आमच्याकडे आठ-आठ महिने आधी नावं लावावी लागतात.

आमचं वाहन म्हणजे दुधी. कागदोपत्री तिचं नाव लांबलचक आहे, पण आकार भोपळ्याचा असल्यामुळे सगळे दुधीच म्हणतात. वरचं कातडं कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. ते उन्हापासून वीज करतं आणि आत हायड्रोजन कोंडून धरतं. पूर्वी हा वायू कुठल्याही पडद्यातून पाझरून जायचा; न पाझरू देणारा पडदा सापडला आणि सगळा खेळ बदलला. दुधी हवेत तरंगते, त्यामुळे उचलायला इंधन लागत नाही. पुढे नेतो वारा. जमिनीपासून दीड-दोन किलोमीटर उंचीपर्यंत हवेचे थर असतात आणि प्रत्येक थराचा वारा आपापल्या वाटेनं जातो. कुठला थर किती वाजता कुठे जाणार, हे यंत्र सांगतं. आपण वरखाली होऊन हवा तो थर पकडायचा, एसटी बदलतो तसा. मोटारी आहेत, पण त्या चिमुकल्या. ढकलतात, उचलत नाहीत.

उचलण्याचा सगळा हिशेब वजनाचा. आणि उन्हाचा. ऊन पडलं की आतला वायू बाहेरच्या हवेपेक्षा तापतो आणि हलका होतो. दहा अंशांचा फरक पडला तरी दुधीला दोनशे किलोचं जादा बळ मिळतं. हे बळ उसनं असतं. ढग आला की गेलं.

होळीच्या आधीचा आठवडा होता. बावीस माणसं घेऊन आम्ही महेश्वरजवळ नर्मदाकाठी पाच दिवस राहिलो होतो. तंबू, चुलीऐवजी सूर्याच्या शेगड्या, सकाळ-संध्याकाळ नदी. पहिल्याच दिवशी मी नेहमीचं भाषण केलं होतं, की नदीतून काही न्यायचं नाही, एक गोटासुद्धा नाही. वाळू उपसून उपसून नदीचा तळ आधीच उघडा पडलाय, त्यात वर्षाला लाखभर पर्यटक एकेक दगड नेतात. सगळ्यांनी माना डोलावल्या. बऱ्हाटे काका तर उठून म्हणाले, “आपण पाऊलखूणही मागे ठेवायची नाही!” टाळ्या पडल्या.

पण नर्मदेतला प्रत्येक गोटा म्हणजे शंकर, हे आपल्या लोकांना आईच्या दुधातून मिळालेलं असतं. माझ्या भाषणानंतर ते खुद्द नर्मदेतल्या गोट्याइतकेच कोरडे राहिले होते, हे मला नंतर कळलं.

या बावीस जणांत माझे वडील होते. लीलाधर नारखेडे, पाटबंधारे खात्यातले निवृत्त अभियंता, वय पंचाहत्तर. आम्ही त्यांना नाना म्हणतो. माझ्या सहलीला ते पहिल्यांदाच आले होते, तेही स्वतः हट्ट धरून. आल्यापासून मी त्यांच्यावर चिडलेली होते. सगळे नदीवर जमायचे तेव्हा हे तंबूत. जेवण झालं की तंबूत. संध्याकाळी गप्पा रंगात आल्या की, “हर्षू, मी जरा पडतो,” की गेले तंबूत. “नाना, झोपायचंच होतं तर घरी काय वाईट होतं?” असं मी एकदा चारचौघांत म्हणाले. ते नुसते हसले.

परतीच्या दिवशी सकाळी अकराला सगळे चढले. दुधीच्या चार पायांखाली चार काटे आहेत. जाताना प्रत्येकाचं वजन वेगळं घेतो, परतताना एकदम सगळ्यांचं. साठ किलोपर्यंत फरक चालतो. त्याहून जास्त आला तर सगळ्यांना उतरवून बॅगा उघडायच्या. काटा म्हणाला, एकशे बेचाळीस किलो जादा.

आमचा चालक हमीद तडवी. यावलकडचा, सातपुड्याच्या पायथ्याचा माणूस. त्यानं आकड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“ताई, उघडायच्या का बॅगा?”

मी खिडकीतून आत बघितलं. नाना शेवटच्या खुर्चीवर बसले होते. चढताना त्यांनी त्यांची राखाडी बॅग दोन्ही हातांनी धरली होती. येताना तीच बॅग एका हातात होती. मी मदतीला हात पुढे केला तर त्यांनी ती दुसऱ्या बाजूला घेतली आणि माझ्याकडे बघायचं टाळलं.

मला वाटलं, मला कळलं. आईला देव्हाऱ्यात नर्मदेचा गोटा हवा होता. जन्मभर म्हणत राहिली, राहूनच गेलं. तिला जाऊन दोन वर्षं झाली. नानांनी तिच्यासाठी एक उचलला असणार, आणि उचलला तो बेताचा नसणार. आता मी बावीस जणांसमोर माझ्याच वडिलांची बॅग उघडायची आणि त्यांना मान खाली घालायला लावायची? आधीच तंबूवरून मी त्यांना बोलले होते.

“पाच दिवस दाल-बाटी हाणलीय सगळ्यांनी,” मी हमीदला म्हणाले. “त्यात ओल्या साड्या. ऊन बघ किती कडक आहे. ढग पाचनंतर. आपण तीनला जळगावात.”

“हाव, पण...”

“हमीद, साडेअकराचा थर गेला तर इथे तीन दिवस बसावं लागेल.”

मी यंत्राच्या पडद्यावरच्या ‘तफावत मान्य’वर अंगठा ठेवला. दुधी आज्ञाधारकपणे उठली. ऊन होतं ना.

दीडच्या सुमाराला निमाडचं सपाट रान मागे पडलं आणि समोर सातपुड्याची निळी रांग दिसू लागली. सगळे खुशीत होते. मंदाकिनीबाई फिरके, निवृत्त मुख्याध्यापिका, सगळ्यांना शेव वाटत होत्या. तेवढ्यात माझ्या हातावरचं ऊन गेलं.

मी पश्चिमेला बघितलं. यंत्रानं पाचनंतरचा सांगितलेला ढग दीडलाच आला होता. अवकाळीचा होता तो, यंत्रालाही चकवून आलेला. पाच मिनिटांत सगळं आभाळ शिशाच्या रंगाचं झालं. दुधी खाली जायला लागली.

मी हमीदच्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं.

“पाणी सोडलं,” तो म्हणाला. तोलासाठी शंभर लिटर पाणी आम्ही नेहमी बाळगतो. “सगळं सोडलं. तरी उतरतीय.”

“मागे फिरव.”

“वारा पंचेचाळीसचा आहे ताई. आपल्या मोटारी पंचवीसच्या. कुठनं फिरवू?”

“मग खाली उतरव.”

“खाली साग आहे नुसता. कातडं फाटलं तर आत काय भरलंय ते तुम्हालाच माहीत.” त्यानं समोर बोट दाखवलं. डोंगराच्या धारेवर पवनचक्क्यांची रांग होती, दोन्ही टोकं दिसत नव्हती इतकी लांब. “आपण आत्ता त्यांच्या पात्यांच्या खाली आहोत. बावीस मिनिटांनी तिथे पोहोचू. यंत्र म्हणतंय, दीडशे किलो काढा.”

तेवढ्यात छतावर ताडताड आवाज सुरू झाला. पाऊस. ओलं कातडं म्हणजे आणखी वजन.

मला हात धुवायला हवेत असं काहीतरी विचित्र वाटत होतं. अंगठा मीच ठेवला होता. “हमीद, सकाळी मी...”

“मीपण बघितलं होतं ताई,” तो म्हणाला. “ते नंतर. आधी दगड काढा.”

म्हणजे बॅगांत दगड आहेत हे त्यालाही ठाऊक होतं.

मी बाहेर आले. आवाज शक्य तितका सपाट ठेवला. “मंडळी, दुधी जड झालीय. वीस मिनिटांत वजन कमी केलं नाही तर आपण समोरच्या पवनचक्क्यांवर जाणार. ज्यांनी ज्यांनी नदीतून दगड घेतलेत त्यांनी ते आत्ता बाहेर काढा. कोण काय म्हणेल ते मनात आणू नका. मी काही म्हणणार नाही.”

सगळे एकमेकांकडे बघत होते.

“माझ्याकडे आहे,” मंदाकिनीबाई म्हणाल्या, “पण अगदी लहान आहे.” त्यांनी पिशवीतून कुकर काढला, झाकण उघडलं. आत डब्यांच्या जागी काळाभोर गुळगुळीत गोटा बसला होता, नऊ किलोचा.

मग बांध फुटला. लुगड्यांच्या घड्यांतून, मोज्यांतून, उशीच्या खोळीतून, चिवड्याच्या डब्यातून दगड निघू लागले. एका नवराबायकोनं एकमेकांपासून लपवून दोन वेगळे घेतले होते. पाऊलखूणही न ठेवणारे बऱ्हाटे काका चार घेऊन उभे राहिले. “चार मुली आहेत,” ते पुटपुटले. “एकीला दिला आणि तिघींना नाही, असं कसं करणार?”

मला त्यांना ओरडायचं होतं. पण कुठल्या तोंडानं? माझ्या घरच्या एका गोट्याला मी सूट दिली होती, म्हणून या सगळ्यांना सूट मिळाली होती.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर सगळे मिळून एकशे अठरा किलो भरले. मी दुधीच्या तळातलं झाकण उघडलं, दोन बाय दोनचं. खालून वारा आणि ढोल एकदम वर आले. ढोल?

“थांबा!” हमीद ओरडला. “टाकू नका! खाली भोंगऱ्या आहे!”

होळीआधीच्या आठवड्यात पावरा-बारेला आदिवासींचे गावोगाव बाजार भरतात, तो भोंगऱ्या. झाकणातून मला खाली हजारो माणसं दिसली. रंगीत लुगडी, चांदीचे दागिने, पाळणे, पालं, गुळाच्या जिलेबीचा धूर. पावसानं त्यांना काही फरक पडला नव्हता, नाचणं चालूच होतं. काही पोरं वर बघून हात हलवत होती. यंत्राच्या पडद्यावर लाल अक्षरं लुकलुकत होती, वजन तात्काळ काढा. यंत्राला खालची माणसं दिसत नाहीत, त्याला फक्त आमचं वजन दिसतं.

“किती वेळ, हमीद?”

“बाजार मागे पडायला सहा मिनिटं.”

“आणि आपल्याकडे?”

“अकरा.”

मी झाकण लावलं नाही, पण झाकणासमोर पाय पसरून बसले. कुणी घाबरून एखादा गोटा ढकलून दिला तर? मागे कुणीतरी रडत होतं. कुणीतरी म्हणालं, “अहो, बाजूला बाजूला टाकू, कुणाला लागणार नाही.” मी वळूनही बघितलं नाही. त्या सहा मिनिटांत मी कुठल्याच देवाचं नाव घेतलं नाही. खाली जो जो माणूस दिसला, तो तो मोजत राहिले.

ढोल मागे गेले. खाली खडकाळ नाला आला, दोन्ही बाजूंना चिटपाखरू नाही.

“आता!” हमीद म्हणाला.

आणि मंदाकिनीबाईंनी आपल्या गोट्यावर दोन्ही हात ठेवले. “हर्षदा, हा देव आहे गं. पूजा केलीय मी त्याची. असा कोरड्या दगडांत नाही फेकू देणार. नदी असती तर सोडला असता.”

“बाई, वेळ नाही हो!”

“मरण आलं तरी नाही.”

त्या खरंच हलेनात. तेव्हा मागून नाना आले. खुर्च्यांच्या पाठी धरत धरत, थोडे धापा टाकत. खाली वाकून त्यांनी नाला बघितला, जसे ते चाळीस वर्षं नाले बघत आले होते.

“मंदाताई, आपण अजून धारेच्या उत्तरेला आहोत,” ते म्हणाले. “या उताराचं सगळं पाणी उत्तरेला जातं. हा नाला नर्मदेलाच मिळतो. पावसाळ्यात तो त्याला घरी नेईल. नकाशा काढून दाखवू का?”

मंदाकिनीबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. मग गोटा कपाळाला लावला, “नर्मदे हर” म्हणाल्या आणि स्वतःच्या हातानं सोडून दिला. मग एकामागून एक सगळे. बऱ्हाटे काकांनी चारही मुलींची नावं घेतली.

दुधीचं उतरणं थांबलं. पण वर जाईना.

“अजून तीस!” हमीदचा आवाज चिरकला होता. “तीस किलो द्या मला, ताई!”

पातेली गेली. सूर्यशेगडी गेली. पाण्याच्या बाटल्या, चपला, डबे, कुकर. यंत्राचा आकडा तीसवरून पंधरावर आला आणि तिथे अडकला. आता एकेका पवनचक्कीचे खिळेसुद्धा दिसतील असं वाटत होतं. पातं वर जायचं, खाली यायचं, आणि प्रत्येक वेळी काचेवर सावली सरकायची.

नाना राखाडी बॅग घेऊन झाकणाशी आले.

“हेही घे,” ते म्हणाले.

आईचा गोटा. मी हात पुढे केला.

“नको. मीच टाकतो. तू तिकडे बघ.”

मी तोंड फिरवलं. त्यांची लाज राखायची होती ना मला. चेन उघडल्याचा आवाज आला, मग काहीतरी खाली जात राहिलं, एकदा, दोनदा, बऱ्याच वेळा. दगडाचा आवाज असा नसतो, हे त्या क्षणी माझ्या डोक्यात आलं नाही. मला फक्त अभिमान वाटत होता. सगळ्यांसमोर, न सांगता, माझ्या वडिलांनी स्वतःहून दिलं.

दुधी उचलली गेली. पात्याचं टोक आमच्या पायांखालून गेलं, इतकं जवळून की दुधीचा तळ थरथरला. मग दुसरं पातं, आणि मग काही नाही, नुसता पलीकडचा उतार. कुणीतरी “नर्मदे हर!” ओरडलं आणि बावीस जण लहान मुलांसारखे रडायला लागले.

पण जळगाव दिसलं नाही. तापीच्या खोऱ्यावर विजा चमकत होत्या. हमीदनं धारेच्या पलीकडचं एक उघडं पठार शोधलं आणि दुधी त्यावर अलगद टेकवली. आम्ही दोर खडकांना बांधले. पाऊस थांबला होता. माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती, एकाच पिशवीतली शेव खात होती.

“आता कधी उठणार?” मी हमीदला विचारलं.

“ऊन आलं की. यंत्र म्हणतंय दोन दिवस ढग. आज त्याचं ऐकायचं का नाही, तुम्ही ठरवा.” तो दमून खडकावर बसला. “पायवाट आहे, चौदा किलोमीटर. धडधाकट माणूस उद्या दुपारपर्यंत खाली जाईल.”

दोन दिवस. काही बिघडत नव्हतं. खायला थोडं होतं, सगळे जिवंत होते. मी नानांना शोधलं. ते दुधीच्या पायाशी टेकून बसले होते, मोकळी बॅग मांडीवर. मी शेजारी बसले.

“नाना, वाईट वाटून घेऊ नका. आईला कळेल. आपण दुसरा आणू, परवानगी काढून.”

“दुसरा काय?”

“गोटा.”

ते माझ्याकडे बघत राहिले आणि हसले. हसताना त्यांना धाप लागली. “कसला गोटा गं? मी दगड कशाला आणू? तू नको म्हणाली होतीस ना?”

“मग बॅगेत काय होतं?”

त्यांनी सदरा वर केला. पोटावर बेंबीच्या बाजूला एक पांढरी नळी चिकटपट्टीनं बसवलेली होती.

त्यांनी ते नाल्याचा आराखडा समजावावा तसं सांगितलं. दोन्ही किडन्या गेल्या. डिसेंबरात मित्राच्या नातवाच्या लग्नाला नाशिकला जातो म्हणून गेले, तेव्हा ही नळी बसवून आले. दिवसातून चार वेळा नळीतून दोन लिटर औषधी पाणी पोटात सोडायचं, काही तास ठेवायचं, रक्तातली घाण त्यात उतरते, मग ते काढून नवं सोडायचं. घरच्या घरी, एकट्याला जमतं. म्हणून तंबू. पाण्याच्या पिशव्यांचं खोकं त्यांनी महेश्वरला परस्पर मागवलं होतं. आठ उरल्या होत्या, दोन दिवसांच्या. सोळा किलो.

“त्या तुम्ही...”

“तीनला जळगावात पोहोचतो असं धरलं होतं. घरी कपाट भरलंय. एखादी वेळ चुकली तर चालतं.” ते डोंगराखालच्या विजांकडे बघत होते. “हे पठाराचं गणितात नव्हतं.”

“आणि दोन दिवस चुकलं तर?”

त्यांनी पाय मागे ओढून घेतले. मी त्यांचे पाय बघितले. घोटे सुजून गोल झाले होते. सकाळी चपलेचे बंद सैल केले होते, ते मी बघितलं होतं आणि मला वाटलं होतं, उन्हामुळे.

मी उठले. माझाच राग येत होता, तसाच फोन लावला. तातडीच्या सेवेला पत्ता दिला, आजार सांगितला. पलीकडची बाई म्हणाली, हेलिकॉप्टर येईल, इंधनाचं आहे, तुमची नोंद निर्धूर सहलीची आहे, ती रद्द होईल, चालेल का?

“हर्षू, नको,” नानांनी ऐकलं होतं. “एका म्हाताऱ्यासाठी दोनशे लिटर जाळायचं? तुझं नऊ वर्षांचं काम...”

“खड्ड्यात गेलं काम!” मी एवढ्या जोरात ओरडले की शेव खाणारे थांबले. फोनवर म्हणाले, “पाठवा. आत्ता पाठवा.”

पन्नास मिनिटं लागणार होती. नानांना आडवं केलं की दम लागायचा, म्हणून मी त्यांना माझ्या खांद्याला टेकवून बसवलं. मंदाकिनीबाईंनी न विचारता त्यांच्या पायांवर शाल टाकली आणि सगळ्यांना लांब घेऊन गेल्या. मग मी नानांना सकाळचं सांगितलं. काटा काय म्हणाला ते, अंगठा ठेवला ते.

“तुमची बॅग उघडावी लागू नये म्हणून मी कुणाचीच उघडली नाही. तुम्हाला चारचौघांत कमीपणा येईल, असं वाटलं. नाना, माझ्यामुळे झालं हे सगळं. तुमच्या पिशव्या माझ्यामुळे गेल्या.”

त्यांनी बराच वेळ श्वास गोळा केला.

“उघडायला हवी होतीस,” ते म्हणाले.

“माहितीये.”

“नाही, तसं नाही. पहिले दोन दिवस मी लपवत होतो, खरंय. तू येऊ दिलं नसतंस. मग वाट बघत होतो. रोज चारदा तंबूत जातो, कधीतरी आत येशील, विचारशील, नाना, करता काय? तू बाहेरूनच ओरडून जायचीस. सकाळी बॅग दोन हातांनी धरली, म्हटलं आता तरी विचारेल.”

बावीस माणसांना कधी भूक लागते, कुणाला कुठलं पथ्य, कुणाला वरची हवा सोसत नाही, सगळं मला तोंडपाठ होतं. यांना मी एकदाही काही विचारलं नव्हतं.

उत्तरेकडून घरघर ऐकू येऊ लागली. नऊ वर्षांत मी असा आवाज सहलीवर ऐकला नव्हता. काळा ठिपका धारेवरून वर आला, मागे धुराची रेघ सोडत. इतकी सुंदर गोष्ट मी आयुष्यात बघितली नव्हती.

“नाना,” मी विचारलं, “नळी दुखते का हो?”

त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मग सांगायला लागले, कुठे दुखते, कधी दुखते, पहिल्या रात्री एकट्यानं करताना हात कसे कापले, आणि आवाज वाढत वाढत काही ऐकू येईनासं झालं तरी ते थांबले नाहीत, आणि मी कान त्यांच्या तोंडाशी नेला.